चौघांचं प्रोजेक्ट आणि एकट्याची रात्र

दिवाळी तोंडावर आली की नागपुरातल्या कॉलेजच्या पोरांना दोनच गोष्टी दिसतात, गावाकडची गाडी आणि सबमिशनची तारीख. माझा कूलर अजून खिडकीतच आहे, ऑक्टोबरचं ऊन त्याला उतरू देत नाही. त्याच्यासमोर बसून या महिन्याची वाचकांची पत्रं वाचली. सहापैकी सहा पत्रांत तक्रार एकच, फक्त वेगवेगळ्या तोंडांची: बरोबरच्या पोरांशी काम करताना जमत नाही.

आधी सांगून टाकते, मी समुपदेशक नाही. एका तंत्रनिकेतनात ३१ वर्षं इलेक्ट्रिकल शिकवलं. त्यातली बरीच वर्षं मशीन लॅबमध्ये, चार-चार पोरांना एका टेबलाभोवती उभं करण्यात गेली. तिथे कोण कोणाला कोपरानं मागे सारतं, कोण खिडकीतून बाहेर बघतं, कोण मुकाट्यानं चौघांचं जर्नल लिहितं, हे रोज पाहिलं. माझी उत्तरं तिथूनच येतात.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा चौघांचा ग्रुप, प्रोजेक्ट सोलर पंपाचं. सर्किट मी बसवलं, कोड मी लिहिला, आता रिपोर्टही रात्री जागून मीच टाईप करून राहिलो. बाकीचे तिघं फुटाळा तलावावर फिरायला. सरांना सांगितलं तर चुगलखोर ठरीन, नाही सांगितलं तर चौघांना सारखे मार्क. तिघंही पहिल्या वर्षापासूनचे दोस्त आहेत म्हणून तोंड उघडत नाही. (हिंगणा रोड)

उत्तर : बेटा, एक विचारते, रागावू नको. प्रोजेक्टचं नाव नोंदवलं त्या दिवशी कोण काय करणार हे तुम्ही चौघांनी बसून ठरवलं होतं का? मला वाटतं, नाही. 'करू ना बे' म्हणून उठला असाल. मग एका रात्री तुला वाटलं की आता राहवत नाही, तू सर्किट जोडायला घेतलंस, आणि त्या रात्रीपासून ते प्रोजेक्ट तुझं झालं. तिघांनी ते सोडलं हे खरंच. पण तूही ते थोडं ओढून घेतलंस.

मॅक्स रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच शेतकी अभियंता होता. माणसं दोर ओढतात तेव्हा प्रत्येकाचा जोर किती लागतो, हे त्यानं मोजलं. एकटा माणूस जितकं ओढतो, तितकं तो घोळक्यात ओढत नाही. आठ जण दोराला लागले की माणशी जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. हे १९१३ साली छापून आलं. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत बिब लाताने हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून हेच पाहिलं. आपल्यासोबत बाकीचेही ओरडतायत एवढं नुसतं वाटलं, तरी माणसाचा आवाज खाली येतो. पण प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार आहे असं सांगितलं की ही ढिलाई जाते. म्हणजे तुझे दोस्त हरामखोर आहेत असं लगेच समजू नको. त्यांचा आवाज कोणी मोजलाच नाही.

आणि तुझा? मी दर वर्षी लॅबमध्ये एक खेळ करायची. प्रॅक्टिकल संपलं की चौघांना चार चिठ्ठ्या द्यायच्या. आजच्या कामात तुझा वाटा शंभरातला किती, एवढंच लिहायचं, नाव नाही. चारही आकड्यांची बेरीज मी फळ्यावर करायची. ती शंभर कधीच आली नाही. एकशेतीस, एकशेपन्नास, एकदा तर एकशेनव्वद. पोरं आधी हसायची, मग एकमेकांकडे बघायची. मला वाटायचं ही आपल्या पोरांची खोड आहे. नंतर वाचलं की रॉस आणि सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला होता, आणि बऱ्याच घरांत ती बेरीजही शंभराच्या वर गेली होती. खोटं कोणी बोलत नाही. आपण जागलेली रात्र आपल्याला आठवते, दुसऱ्याची कशी दिसणार? तुझ्या बाबतीत तुझं म्हणणं बहुतेक खरंच असेल. तरी तू नव्वद टक्के धरत असशील तर सत्तर धर आणि मग बोलायला जा. आवाज आपोआप खाली येईल.

कुठे बोलायचं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाही. तिथे तू तीन ओळी लिहिशील, एक जण अंगठा टाकेल, दुसरा हसरा चेहरा, तिसरा काहीच नाही. रविवारी सकाळी तिघांना पोह्याच्या ठेल्यावर बोलव. तर्री पोहे खाताना माणसाला धड भांडता येत नाही, नाक वाहत असतं. जाताना एक कागद ने, त्यावर तीनच रकाने: काम, नाव, तारीख. कामाचा रकाना तू भर, नावाचा त्यांना भरू दे. आणि कामं अशी लिही की झालं की नाही यावर वाद होऊ नये. 'रिपोर्टमध्ये मदत' हे काम नव्हे. 'सकाळी १० ते दुपारी ४ दर तासाला पॅनेलचं व्होल्टेज आणि करंट लिहिणं, तीन दिवस' हे काम आहे. 'पंपाचा डिस्चार्ज बादली आणि स्टॉपवॉचनं मोजणं, पाच वेळा' हे काम आहे. गच्चीवर उन्हात दर तासाला उभं राहायला कोड येत असावा लागत नाही.

बोलताना 'तुम्ही काहीच करत नाही' हे वाक्य तोंडात येईल, ते पोह्यासोबत गिळ. म्हण, 'माझ्याच्यानं एकट्यानं होऊन नाही राहिलं. यातलं कोण काय घेतं ते सांगा.' चार वर्षांच्या दोस्ताला एवढं म्हणता येत नसेल तर ती दोस्ती नुसती चहापुरती आहे, हे आत्ताच कळलेलं बरं.

यानंतर एक पथ्य तुझंही. त्यांनी केलेलं काम रात्री बसून परत करायचं नाही. टेबल वाकडं आलं, फॉन्ट वेगळा आला, येऊ दे. रीडिंग चुकलं असेल तर ज्यानं घेतलं त्याच्याकडेच परत पाठव.

आणि तारीख उलटूनही एखाद्यानं काहीच केलं नाही तर? तर आधी त्याला तोंडावर सांग की 'मी गुरुवारी हा कागद सरांना दाखवणार आहे.' मग दाखव. माणसाला आधी सांगून केलेल्या गोष्टीला चुगली म्हणत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. वर्गात टीचर म्हणतात, 'पाच-पाच जणींचे ग्रुप करा.' दोन मिनिटांत ग्रुप होतात आणि ही उरते. मग टीचर तिला एखाद्या ग्रुपमध्ये टाकतात, 'घ्या गं हिला.' आता ती म्हणते, प्रोजेक्टच्या दिवशी शाळेतच जात नाही. मी टीचरशी बोलू, की तिचं तिला शिकू देऊ? (एक आई, मनीषनगर)

उत्तर : बोला ताई, आणि लवकर बोला. 'घ्या गं हिला' हे वाक्य टीचरनं मायेनंच म्हटलं असेल, पण चाळीस मुलींसमोर ते म्हणजे भाजीवरच्या फुकटच्या कोथिंबिरीसारखं झालं. घेतली तर घेतली.

माझं ठाम मत आहे की शाळेत ग्रुप मुलांनी पाडू नयेत. शिक्षकांनी पाडावेत, आणि दर वेळी वेगळे. 'ज्याच्याशी पटतं त्याच्यासोबत बसा' म्हटलं की ज्यांचं आधीच पटतं त्यांचंच पटत राहतं. बाकीच्यांना शिकायला संधी कुठली?

पण नुसता ग्रुप पाडून भागत नाही. शिक्षकांनी मुलीला ग्रुपमध्ये बसवलं आणि बाकीच्या चौघींना तिची गरजच नसली, तर ती तिथेही कडेलाच राहील. १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या. गोरी, काळी, स्पॅनिश बोलणारी मुलं पहिल्यांदा एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट अ‍ॅरनसन या मानसशास्त्रज्ञानं तिथे 'प्रेमानं वागा'चं भाषण दिलं नाही. त्यानं धडाच फाडला. एका गटातल्या प्रत्येक मुलाला धड्याचा एकेकच तुकडा, आणि परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. आता अडखळत बोलणाऱ्या मुलाला हसून चालेना, कारण त्याच्याकडचा तुकडा दुसऱ्या कोणाकडेच नव्हता. हसणारी मुलं त्याला नीट प्रश्न विचारायला लागली, आणि तोही बोलायला लागला. याला जिगसॉ म्हणतात, तुकडे जोडून चित्र करायचं कोडं असतं ना, त्यावरून.

आपल्याकडे हे उद्या करता येईल. विषय घ्या, 'नागपूरला पाणी कुठून येतं.' एकीला अंबाझरी, जिथून पूर्वी शहराला पाणी यायचं. एकीला गोरेवाडा. एकीला कन्हान नदी. एकीला पेंच धरण. पाचवीला हे पाणी नळाला येईपर्यंत काय काय होतं ते. पंधरा मिनिटं वाचायचं, मग आपापला तुकडा बाकीच्या चौघींना समजावायचा, मग पाचही भागांवर दहा मार्कांचा पेपर. तुमच्या मुलीकडे कन्हान असेल, तर तिला विचारल्याशिवाय कोणालाच कन्हान येणार नाही.

टीचरकडे जाताना 'माझ्या मुलीला कोणी घेत नाही' असं सुरू करू नका. ते ऐकून टीचर त्या चौघींना रागावतील आणि ते तुमच्या मुलीवरच उलटेल. 'ग्रुप तुम्हीच पाडाल का, आणि प्रत्येकीला वेगळा भाग द्याल का,' एवढीच विनंती करा. ती सगळ्या वर्गासाठी आहे, एकीसाठी नाही.

घरी एक करा. सगळ्या ग्रुपला बोलावू नका, एकाच मुलीला बोलवा, आणि दोघींच्या हाताला काम द्या. आकाशकंदिलाच्या काड्या बांधायला बसवा. एकीनं धरल्याशिवाय दुसरीला गाठ मारता येत नाही. तुम्ही स्वयंपाकघरात राहा आणि दर पाच मिनिटांनी चिवडा घेऊन डोकावू नका.

प्रश्न : मुलगा नीटची तयारी करतो आहे. क्लासमधला एक मुलगा त्याच्याकडे सारखा नोट्स मागतो, शंका विचारतो. एवढी स्पर्धा आहे, उद्या तोच याच्या पुढे गेला तर? त्याला नाही म्हणायला सांगू का? (नंदनवन)

उत्तर : भाऊ, नीटला देशभरातून वीस लाखांच्या वर पोरं बसतात. त्यातला एक तुमच्या मुलाच्या शेजारी बसतो म्हणून वैरी झाला? शंका समजावू द्या. ज्याला समजावून सांगता येत नाही त्याला ते आलेलंच नसतं, हे मी फळ्यासमोर उभी राहून स्वतःवरच अनुभवलंय. नोट्सची वही मात्र घरी नेऊ देऊ नये. फोटो काढ, वही इथेच ठेव. हा तत्त्वाचा प्रश्न नाही, वह्या परत येत नाहीत.

प्रश्न : मी भामरागड तालुक्यातून नागपूरला शिकायला आलो. घरी माडिया बोलतो. वर्गात माझं मराठी ऐकून हसतात, प्रॅक्टिकलला मला बोलूच देत नाहीत. होस्टेलवर सीनियर रात्री रूमवर बोलावतात आणि 'तुझ्या भाषेत बोलून दाखव, नाचून दाखव' म्हणतात. मला सगळ्यांशी दोस्ती करायची आहे. काय करू? (पहिलं वर्ष)

उत्तर : तू एका पत्रात दोन गोष्टी लिहिल्या आहेस बेटा. त्या वेगळ्या कर.

रात्री रूमवर बोलावून नाचायला लावणं याला दोस्ती न जमणं म्हणत नाहीत, याला रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखांना सात दिवसांत चौकशी करावी लागते. 'मस्करी होती' म्हणून वॉर्डननं परत पाठवलं तर प्राचार्यांना लेखी दे आणि तुझ्या प्रतीवर पोच घे. लिहायला भीती वाटत असेल तर १८००-१८०-५५२२ ही रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, फुकट. रात्री झोप लागत नसेल, जीव घाबरा होत असेल तर १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन कर, मराठीत बोलता येतं. त्या सीनियरांशी दोस्ती करायची तुझ्यावर काही जबाबदारी नाही.

आता वर्गातलं. १९९१ मध्ये मी एका ट्रेनिंगला पुण्याला गेले होते. चहाच्या सुट्टीत सहज विचारलं, 'काऊन, दूध संपलं का?' माझ्या 'काऊन'वर, म्हणजे आमच्याकडच्या 'का'वर, सगळा हॉल हसला. पुढचे चार दिवस मी एकही प्रश्न विचारला नाही. ट्रेनिंग ट्रान्सफॉर्मरचं होतं, आणि त्यातलं अर्धं मला आजही येत नाही. हे एवढ्यासाठी सांगते की तुला हसणारे नागपूरकर पुण्यात गेले की त्यांच्या 'करून राहिलो'वर लोक असेच हसतात. माडिया तर त्यांना एक शब्द येत नाही. तुला दोन भाषा येतात, तिसरीत तू इंजिनीअरिंग शिकतोयस.

पण गप्प राहू नको, मी राहिले ते चुकलं. प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी म्हण, 'रीडिंग मी सांगतो, तुम्ही लिहा.' मीटरवरचा आकडा ही चांगली गोष्ट आहे, दोन पूर्णांक चार म्हणजे दोन पूर्णांक चार, त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही. हसलेच तर न चिडता विचार, 'परत सांगू का?' आणि परत सांग. बॅचमध्ये एक जण असा असतो की सगळे हसतात तेव्हा तो वहीत बघतो. त्याला शोध. मेसमध्ये त्याच्या शेजारी ताट ठेव. सगळ्यांशी दोस्ती नंतर बघू, एकाशी झाली की पहिलं वर्ष निघतं.

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षक आहे. गटकार्याचे गुण कसे द्यावेत? सगळ्यांना सारखे दिले तर हुशार मुलांचे पालक येतात, वेगवेगळे दिले तर गटात भांडणं. (महाल)

उत्तर : सर, आधी माझी चूक ऐका. एका वर्षी लॅबमध्ये वॉटमीटर, म्हणजे विजेची शक्ती मोजायचा मीटर, जळाला. धूर आला तेव्हा टेबलावर चार पोरं होती. 'कोणी केलं?' म्हणून विचारलं, चौघंही गप्प. मी चौघांचे टर्मवर्कचे मार्क कापले. मला वाटलं, एकीनं गप्प बसले तर एकीनं भोगू देत. त्यानंतर तिघांनी मिळून चौथ्याशी बोलणं टाकलं. तो सगळं सत्र एकटा डबा खाताना दिसायचा. उन्हाळ्यात स्टोअरचं रजिस्टर तपासताना मला दिसलं की त्या दिवशी पाच अँपिअरचा वॉटमीटर मीच काढून दिला होता, आणि लोड होता दहाचा. कनेक्शन बघून 'ओके' म्हणणारीही मीच. जुलैत चौघांना बोलावून सांगितलं. तीन जण हसून गेले. चौथा म्हणाला, 'ठीक आहे मॅडम,' आणि उभाच राहिला थोडा वेळ.

तेव्हापासून मी दोष सामुदायिक वाटत नाही.

अमेरिकेत मिनेसोटातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे दोघं भाऊ सहकारी शिक्षणावर वर्षानुवर्षं काम करत होते. त्यांच्या मांडणीतल्या दोन गोष्टी मला लॅबमध्ये उपयोगी पडल्या. एक, दुसऱ्याचं झाल्याशिवाय माझं होणार नाही अशी कामाची बांधणी हवी. दोन, तरीही प्रत्येकाचा हिशेब वेगळा हवा. यातली एकच घेतली की गाडी एका चाकावर चालते.

मी करायची ते असं. वीसपैकी आठ गुण गटाचे, सगळ्यांना सारखे. बारा ज्याचे त्याला, तोंडी परीक्षेवर. आणि तोंडी परीक्षेत ज्यानं जे केलं ते त्याला विचारायचं नाही. डब्यातून चिठ्ठी काढायची. ज्यानं चित्र काढलं त्याला गणित विचारा, ज्यानं गणित केलं त्याला चित्र समजावायला सांगा. हे सुरुवातीलाच जाहीर करा. मग बघा, सबमिशनच्या आदल्या दिवशी तुमची हुशार मुलगी मागच्या बाकावरच्या पोराला व्हरांड्यात बसवून शिकवत असेल. मायेनं नाही, पण शिकवत असेल.

पालक येतील ते येतीलच. त्यांना आठ आणि बाराचा हिशेब दाखवा.

प्रश्न : मी डिप्लोमाला आहे, इलेक्ट्रिकल, दुसरं वर्ष. बॅचमध्ये मी एकटीच मुलगी. दर प्रॅक्टिकलला मुलं म्हणतात, 'तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही.' मुलं वाईट नाहीत, मला चहाही पाजतात. पण मोटर चालू करायच्या स्टार्टरला मी अजून एकदाही हात लावला नाही. भांडण न करता काय म्हणू? (सदर)

उत्तर : तुझं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण ते मीच लिहिलंय असं वाटलं. १९८३ मध्ये आमच्या वर्गात आम्ही दोघी मुली होतो, वेगवेगळ्या बॅचमध्ये. माझंही अक्षर चांगलं होतं. तीन वर्षं मी चौघांची रीडिंग लिहिली, ग्राफ काढले, रफ काढलं, फेअर काढलं. जर्नल बघून सर म्हणायचे, मोत्यासारखं आहे. मग नोकरीच्या मुलाखतीला एका साहेबांनी डीसी मोटरसमोर उभं केलं आणि म्हणाले, 'चालू करून दाखवा.' स्टार्टरची आकृती मी डोळे मिटून काढली असती. हँडल कुठे धरायचं ते हाताला माहीत नव्हतं. मी ते झटक्यात पुढे ढकललं आणि फ्यूज गेला. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांचंही अक्षर चांगलं होतं.

तुझी मुलं वाईट नाहीत, हे तू स्वतःच लिहिलंस आणि ते खरं आहे. म्हणूनच भांडण लागणार नाही. त्यांनी ठरवून तुला मागे ठेवलं नाही. पहिल्या दिवशी जे झालं ते सवयीनं पक्कं झालं, एवढंच. सवय मोडायची तर वेळ निवडावी लागते. रीडिंग सुरू झाल्यावर 'मला पण करू द्या' म्हणशील तर त्यांना ते मध्येच आल्यासारखं वाटेल. कनेक्शन होतंय तेव्हाच स्टार्टरजवळ जाऊन उभी राहा आणि जर्नल शेजारच्याच्या हातात दे. 'आज लिहायला तू, स्टार्टर मी. पुढच्या वेळी बदलू.' एवढंच. 'प्लीज' नको, कारणं नको. अक्षराचं कोणी काढलं तर म्हण, 'तुझं सुधारेल.'

शिकवायला लागले तेव्हा मी लॅबच्या फळ्यावर एका कोपऱ्यात चार शब्द खडूनं लिहून ठेवले: स्टार्टर, रिओस्टॅट, टॅकोमीटर, लेखन. रिओस्टॅट म्हणजे करंट कमी-जास्त करायचा, टॅकोमीटर म्हणजे मोटरचे मिनिटाचे फेरे मोजायचा. दर तीन रीडिंगला चौघांनी जागा बदलायच्या, उजवीकडून डावीकडे. तो कोपरा झाडूवाल्या मावशीही पुसायच्या नाहीत. तुमच्या सरांना हे सुचवून बघ, कित्येक सरांना कोण काय करतंय हे दिसतच नाही, ते जर्नल बघतात.

फळ्यावर ते लिहिलं त्याच्या पहिल्याच आठवड्यात एक मुलगी डीसी शंट मोटरसमोर आली. बॅचमधला दांडगा पोरगा सवयीनं पुढे झाला, फळ्याकडे बघून मागे सरकला. फील्डचा रिओस्टॅट कमीत कमीवर आहे ना, हे तिनं तिसऱ्याला विचारून घेतलं. मग हँडलवर हात ठेवला. स्प्रिंग मागे ओढते, हे वहीत नसतं. तिचा हात पहिल्या खुंटीवरच थरथरला, मोटर गुरगुरली, अ‍ॅमीटरचा काटा उडाला आणि खाली आला. दुसरी खुंटी. तिसरी. शेवटी हँडल चुंबकाला टक् करून चिकटलं आणि तिनं हात सोडला, पण लगेच नाही. सुटलं तर परत येईल की काय म्हणून दोन क्षण तिथेच धरून होती. मग टॅकोमीटरवाला ओरडला, 'चौदाशे ऐंशी!'

तो आकडा लिहायचं काम त्या दांडग्या पोराकडे होतं. तासाच्या शेवटी मी जर्नल बघितलं. चौदाशे ऐंशी की चौदाशे अठ्ठ्याऐंशी ते मला वाचता येईना, त्याला विचारलं तर त्यालाही येईना. मी त्याला सगळं परत लिहायला लावलं.